कोल्हापूर ते नागपूर, सव्वा तास

घरातून निघालेलं माणूस नीट पोचलं, हे मागे राहिलेल्यांना कळवायचं काम कोणाचं?

आमच्या कळंबच्या आळीत वनितामावशींनी ते प्रत्येकाकडून करून घेतलं होतं. मी कर्जतला बाजाराला निघाले तरी त्या दारातून सांगायच्या, "पोचलीस की फोन कर गं." एका रिसॉर्टवर त्या खोल्या झाडायच्या. तिथल्या पाहुण्यांनाही गाडीत बसताना हेच बजावायच्या. मॅनेजर त्यांना ट्रॅफिक पोलीस म्हणून चिडवायचा. पण एकदा एका पाहुण्याने घरी जाऊन खरंच फोन केला, मावशींना सांगा, पोचलो. तो निरोप मावशींनी आळीभर फिरवला.

त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिंद कोल्हापूरला कारखान्यात होता. मोटरसायकलचा अपघात झाला. मावशी दिवसभर गाड्या बदलत तिथे गेल्या, तेव्हा त्याचा मेंदू मृत झाला आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि अवयवदानाचं विचारलं. मावशी म्हणाल्या, "त्याचं काळीज चालतंय ना? मग चालू द्या." हृदय विमानाने नागपूरला गेलं. विमानतळाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेमागे मावशी रुग्णालयाच्या फाटकापर्यंत चालत गेल्या होत्या.

घरी परतल्यावर काही दिवसांनी त्यांनी मला विचारलं, कोल्हापूरहून नागपूर किती लांब? मोबाइलवर बघून मी सांगितलं, रस्त्याने जवळजवळ अख्खा दिवस, विमानाने सव्वा तास.

"म्हंजे इथनं खोपोलीला जायचं तेवढंच." मग म्हणाल्या, "येवढ्यात पोचलं असंल, तर सांगायला येवढे दिस कशाला गं?"

मी रुग्णालयात पुन्हा पुन्हा फोन केले. कोणाला बसवलं ते सांगता येत नाही, नियम आहे, हेच उत्तर. आम्हाला नाव नकोच होतं, गावही नको होतं. पण मी नक्की काय विचारतेय, हे ऐकून घ्यायलाही कोणी थांबलं नाही. एका आईकडून काळीज मागून घ्यायचं आणि मग तिच्या तोंडावर दार लावायचं, याला मी गोपनीयता म्हणणार नाही.

त्यानंतर मावशी अनोळखी नंबरचा एकही फोन सोडत नसत. कर्ज हवं का विचारणाऱ्या पोरींचं बोलणंही शेवटपर्यंत ऐकून घेत. मग हळूच विचारत, "आनखी काय सांगायचं नाय ना?"

यंदा त्यांनी अंथरूण धरलं. मी आता पुण्यात राहते; गावाहून परत निघताना त्यांना भेटायला गेले. आवाज फुटत नव्हता, तरी म्हणाल्या, "पोचलीस की..." पुढचं मला पाठ होतं. पुण्यात उतरल्या उतरल्या फोन लावला. त्यांच्या जावेने उचलला. मावशी दुपारीच गेल्या होत्या.

तुमच्या घरात, ओळखीत, कोणाच्या छातीत दुसऱ्याचं हृदय चालत असेल, तर आज त्यांच्याकडून एक चिठ्ठी लिहून घ्या. नाव नको, पत्ता नको. ऑपरेशन झालं त्या रुग्णालयात ती द्या आणि हृदय देणाऱ्याच्या घरी पोचेपर्यंत रुग्णालयाचा पिच्छा सोडू नका. चिठ्ठीत एकच शब्द पुरे. पोचलं.