उपरणं मास्तर

आमच्या शाळेत सगळ्यांत जास्त कुणी राबत असेल तर ते मास्तरांच्या खांद्यावरचं उपरणं. फळा त्यानंच पुसला जाई. तपकीर ओढल्यावर मास्तर त्यातच शिंकत. आणि समोर एखाद्या पोराचं नाक वाहताना दिसलं की त्याला जवळ ओढून, हनुवटी धरून, त्याच टोकानं ते स्वच्छ पुसून काढत. मग शेजारच्याचं. पुसताना म्हणत, "शेंबड्या पोराला सरस्वती मांडीवर घेत नाही रे." गावानं त्यांचं नाव 'उपरणं मास्तर' पाडलं होतं आणि ते त्यांना आवडायचंही. जुन्या मास्तरांबद्दल लिहिताना हात जोडून लिहायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही. त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शाळा लोकल बोर्डाची, तापीकडच्या सपाटीवरच्या एका गावात. गावाचं नाव घेत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. मी सातपुड्यातल्या मोलगीच्याही वरच्या पाड्यातला. मामा त्या गावात एका गुजर शेतकऱ्याकडे सालदार होता. त्याच्या झोपडीत राहून मी शिकत होतो, म्हणजे शाळेच्या ओट्यावर बसत होतो. डोंगराकडच्या पोरांनी उंबरा ओलांडायचा नाही, बाहेर तरट टाकून बसायचं, असा मास्तरांचा नियम. पाणीही वेगळं. आतल्या मुलांना माठ आणि एक पितळी तांब्या होता, त्याला सगळी तोंड लावून पीत. आम्हांला कुणीतरी वरून ओतायचं आणि आम्ही ओंजळीनं प्यायचो. दारातून फळा अर्धाच दिसे. उरलेला अर्धा शाळा सुटल्यावर सुताराची सकू मला तिच्या पाटीवर दाखवायची.

मास्तरांना वाऱ्याचं फार भय. थंडी पडली की सातपुड्याकडच्या खिडक्या लावून घेत आणि फटींत चिंध्या कोंबत. "डोंगराकडून येतं ते सगळं बाधतं," असं म्हणत आणि म्हणताना त्यांची नजर ओट्याकडे वळे. आत पोरं मांडीला मांडी लावून, समोरासमोर तोंडं करून पाढे ओरडत. जो जास्त ओरडेल त्याला शाबासकी. दार उघडलं की आतली कोंदट ऊब आमच्या तोंडावर येई. आम्ही बाहेर कुडकुडत त्या उबेचा हेवा करायचो.

तिसरं खूळ हजेरीचं. दिपोटीसाहेब तपासणीला कधी टपकतील याचा नेम नव्हता आणि रिकाम्या जागा दिसल्या तर आपली बदली होईल, या धास्तीनं मास्तर पछाडलेले असत. पोरगं आलं नाही की थोराड मुलांना त्याच्या घरी पिटाळत. ताप असो, खोकला असो, उचलून आणलं जाई. आजारी पोराला ते आईच्या मायेनं अगदी पुढं, आपल्याजवळ बसवत. पण घरी सोडत नसत.

एका थंडीत मास्तरांचा मुलगा बाळू नंदुरबारला आजोळी जाऊन आला, तो खोकतच. आधी साधा वाटला, मग ढास वाढत गेली. खोकता खोकता त्याचा चेहरा जांभळा पडे, शेवटी लांब घुमणारा श्वास आत ओढला जाई आणि ओकारी होई. डांग्या खोकला होता तो, गावातल्या कुठल्याही म्हातारीनं सांगितलं असतं. मास्तर त्याची पाठ चोळत, उपरण्यानं तोंड पुसत आणि पाढे पुढे चालू ठेवत. मग तेच उपरणं शेजारी बसलेल्या सकूच्या नाकाला लागे. मी दारातून हे रोज पाहत होतो आणि मला त्यात वावगं काहीच दिसत नव्हतं. उलट वाटायचं, काय भाग्याची पोरं आहेत.

सकूला ढास लागली तेव्हा सुतार स्वतः शाळेत आला. उंबऱ्याशी उभं राहून म्हणाला, "मास्तर, पोर रातभर खोकस. तिले थोडा दिन घर ऱ्हाऊ द्या."

"घरी बसून खोकायचं ते इथं बसून खोकेल," मास्तर म्हणाले. "तेवढाच एखादा पाढा डोक्यात जाईल."

सुतार तसाच माघारी फिरला. मास्तरांना उलट बोलायची त्या गावात रीत नव्हती. पुढं सगळा वर्गच ढासू लागला. सकू गेली. तिच्यामागून लहान्या वर्गातली आणखीही पोरं गेली. माझा अर्धा फळा तिच्याबरोबर गेला, आणि मला रडताना कुणी पाहू नये म्हणून मी गोठ्यात जाऊन बसलो.

मग गाव चावडीवर जमलं. लोक चिडलेले होते आणि मास्तर घाबरलेले. त्यांनी सांगून टाकलं की रोग डोंगरावरून उतरला, ओट्यावरच्या पोरांनी आणला. लोकांना ते लगेच पटलं. मी मामाच्या मागं उभा होतो. शाळा जाणार हे मला कळलं आणि आजवर त्यांच्यासमोर कधी न उघडलेलं तोंड मी उघडलं, त्यांनीच शिकवलेल्या भाषेत.

"गुरुजी, ओट्यावर कुणालाच खोकला नाही."

मास्तरांनी माझ्याकडे अगदी प्रेमानं पाहिलं. "आणणाऱ्याला काही होत नसतं, बाळ. तेच तर लक्षण."

माना हलल्या. मला हाकलल्याचा राग आहेच, पण त्यांनी मला आयुष्यात एकदाच 'बाळ' म्हटलं ते त्या वेळी, याचा जास्त आहे. दुसऱ्या दिवशी आमची तरटं रस्त्यावर फेकलेली होती. मामा भांडला नाही, भांडला असता तर त्याचं साल गेलं असतं. रात्री भाकर मोडताना तो एवढंच म्हणाला की आपल्याकडे एक घर या टेकडीवर तर दुसरं त्या टेकडीवर असतं, एकाचा खोकला दुसऱ्यापर्यंत पोचतो कसा ते या सपाटीवाल्यांनाच माहीत.

डोंगरात परतायच्या दिवशी ओट्यावर राहिलेली पाटी आणायला गेलो. शाळा बंद होती. मास्तर ओट्यावर बसले होते, नेमके माझ्या जागी, आणि बाळू त्यांच्या मांडीवर. आत त्याचा जीव घुसमटायचा म्हणून बाहेर आणला असावा. सातपुड्याकडून गार वारा येत होता आणि पोरगं जरा सुखानं श्वास घेत होतं. मला वाटलं, आता तरी यांच्या ध्यानात येईल. त्यांनी मला पाहिलं आणि घाईघाईनं बाळूच्या तोंडावर उपरणं ओढलं, माझ्याकडचा वारा त्याला लागू नये म्हणून. मी पाटी उचलली आणि निघालो. बाळू गेल्याचं पुढं मोलगीच्या बाजारात मिठाच्या व्यापाऱ्याकडून कळलं. मास्तरांची कीव आली, पण त्या कीवेनं राग विरघळला नाही.

पुढं एका आश्रमशाळेत माझी सोय झाली आणि आता मी स्वतः पाड्यावर मास्तर आहे. माझी पोरं उघड्यावर, अंतर ठेवून बसतात. भांड्याला तोंड लावलं की मी ओरडतो, खोकणाऱ्याला घरी धाडतो, नाक ज्याचं त्यानं आपल्या चिंधीनं पुसायचं. मास्तर कधी जवळ घेत नाहीत, असं पोरं आपसांत म्हणतात. खरं आहे ते.

पण एखादं वाहतं नाक दिसलं की तो ओटा आठवतो. माझीही हनुवटी धरून त्यांनी नाक पुसावं म्हणून मी कितीदा तरी मुद्दाम शेंबूड तसाच ठेवून दारात तोंड पुढं करून बसलो होतो. त्यांनी एकदाही पुसलं नाही. त्यामुळेच मी जगलो, आणि तरीही माझा राग आहे तो त्याचाच.