एकच पंच, दोन खुर्च्या

"सांगितलंस? कानस मारली ते बी सांगितलंस?" दादा ओरडत होता. आवाज असा, की तिकडे विरारला जीवदानीचा डोंगर चढणारे लोक निम्म्या पायऱ्यांवर थांबून आपलंच काही चुकलं का म्हणून बघत असणार.

सांगितलं होतं मी. मध्यस्थ साहेबांना, बोलणी चालली होती त्या हॉटेलच्या बाजूच्या खोलीत, दार लावून.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वसई पूर्वेला आम्हा दोघा भावांचा प्लास्टिकचा गाळा होता. एका इटालियन गिऱ्हाइकाच्या अत्तराच्या बाटल्यांची बुचं आम्ही काढायचो. साचा त्याचा, मशीन आमचं. बुचं सैल निघाली, अख्खा कंटेनर परत आला आणि इटालियन साचा न्यायला स्वतः येऊन धडकला. साचा गेला की गाळ्याला कुलूप. दादाचं म्हणणं, साचाच वाकडा आला. खरं असं, की बुचं आत चिकटत होती म्हणून आम्हीच साच्यावर कानस फिरवली होती. केसाएवढी. बरं, म्हशीच्या केसाएवढी.

करारात होतं: आधी मध्यस्थाने दोघांना समजवावं, नाही जमलं, तर त्याच माणसाने लवाद म्हणून निकाल द्यावा, तो दोघांवर बंधनकारक. मला यात नवीन काही दिसलं नाही. खाडीकाठच्या आमच्या गावात शेताच्या बांधाची भांडणं अशीच मिटायची. पंच आधी दोन्ही घरी चुलीपाशी जेवायचा, तिथे त्याला सगळं खरं सांगायचं, मग तोच बांधावर उभा राहून निकाल द्यायचा. जो लपवेल त्याची जमीन तो चार बोटं जास्त कापायचा. म्हणून मी साहेबांपुढे पोटातलं सगळं बाहेर काढलं.

आणि दुपारी बोलणी फिसकटली. चहानंतर तेच साहेब लवाद होऊन बसणार होते.

तेवढ्या वेळात मी व्हरांड्यात इतक्या फेऱ्या मारल्या, की सरळ चाललो असतो तर इटलीला पोचलो असतो. दादा म्हणाला, "पानी पी आनि एका जागी बस. तुला बघून मला गरगरतं."

साहेब आले, पण खुर्चीत बसले नाहीत. आधी इंग्रजीत, मग मराठीत म्हणाले, "दोघांनी मला एकांतात काही सांगितलंय. निकाल द्यायचा तर ते एकमेकांसमोर उघड करावं लागेल, दोघांची लेखी संमती घेऊन. नाहीतर नवा लवाद शोधा. महिने जातील. तोवर साचा सीलबंद."

म्हणजे कानशीचं बाहेर येणार, नाहीतर गाळ्याला कुलूप. समोर बघतो तर इटालियन उठून व्हरांड्यात! माझ्याच फेऱ्या, माझ्याच वाटेने, माझ्याहून जोरात. तोवर मी समजत होतो, असा घाम फक्त आपल्याकडे फुटतो.

तिसऱ्या फेरीला तो आत शिरला आणि म्हणाला, पुन्हा बोलू. दादाने माझ्या आधी मान हलवली. दिवेलागणीच्या आत मिटलं: साचा आमच्याकडेच राहणार, तो कारागीर पाठवून दुरुस्त करून देणार, आम्ही परत आली तेवढी बुचं फुकट काढून देणार.

पण मला चैन कुठलं! साहेब जिना उतरताना मी मागे धावलो.

"साहेब, त्याने काय सांगितलं होतं हो तुम्हाला? आता तर मिटलं."

साहेबांनी खाली उतरून चपला घातल्या.

"जूचंद्रची रिक्षा इथूनच मिळते ना?"