रुपलीनं बसून खायची भाकरी

रुपले, तुझीच गोष्ट लिहिते आहे. पटली नाही तरी गप्प ऐक. यातली अक्का मीच.

पिंप्राळ्यातल्या भरिताच्या हॉटेलात रुपली बारा वर्षं कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापते आहे. गिऱ्हाइकं बोटं चाटतात, ती मात्र चुलीपाशी उभ्या उभ्या दोन घास ढकलते. दुसऱ्याच्या हातची गरम भाकरी एकदा बसून खावी, एवढीच तिची हौस. तिथं रोज जेवणाऱ्या अक्कानं एका दुपारी तिला दंडाला धरून टेबलाशी बसवलं. मालक सुकलालभाऊंनी स्वतः भाकरी थापून आणली.

"भाऊ, ही भाकर शे का पुठ्ठा?" म्हणत रुपली उठली, ती थेट तव्यापाशी.

अक्का वैतागली. "इथं तू बसायची नाहीस. सोमवारी हॉटेल बंद असतं, धुळ्याला जाऊ. तिथं देवपुरातल्या हॉटेलात तुला कोण ओळखतं?"

सोमवारी अक्का तिच्या दारात हजर. रुपली खांद्याला तेल चोळून आडवी झालेली. "अक्का, आज नको. आज निजू द्या."

पुढचे सोमवारही निजण्यातच गेले. धुळ्याला जायचं ते आपलं राहूनच गेलं, रुपले.