अंगठ्याची सवय

दुपारी बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसले होते. अंगठ्याने वाल दाबला की डाळिंबी सालातून सटकन बाहेर येते. समोर डब्याला टेकवून ठेवलेला फोन आणि त्यावर ताईचे फोटो. तिच्या मुलाच्या मुंजीला मी हट्टाने गेले नाही, तेव्हापासून आमचा अबोला आहे. तीन वर्षं झाली. फोटो मात्र मी रोज बघते. ते तिला कळत नाही, एवढाच आधार.

आज खाली खाली जात त्या मुंजीपाशीच पोचले. मातृभोजनाचं ताट, बटू आणि ताई. तिचा चेहरा मोठा करून बघायला गेले, तर वाल दाबून सरावलेला ओला अंगठा फोटोवर दोनदा दाबला गेला. लाल बदाम उमटला. मी तो लगेच काढला, पण तिच्या फोनवर खबर गेलीच असणार.

पूर्वी रुसलेल्या माणसाच्या घरावरून जाताना खिडकीकडे बघून घेता यायचं. आता नुसतं बघताना कडी वाजते.

"चुकून झालं म्हणून कळव," झालेलं सांगितल्यावर नवरा म्हणाला.

बदाम चुकून पडला, हे खरंच. पण तीन वर्षं मागच्या फोटोपर्यंत मी चुकून कशी पोचले?

फोन पालथा घातला आणि वाल ओढून घेतले. चार-पाच सोलले असतील. मग हात पुसले, फोन उचलला, आवाज पूर्ण मोठा केला आणि पुन्हा पालथा घातला.