तिसऱ्या चाकाचा टायर

माझ्या घराच्या वळणावर अलीकडे टायरांचं दुकान झालं आहे. सकाळी दुकानदार नवे टायर एकावर एक रचून बाहेर मांडतो आणि ऊन तापू लागलं, की त्या रचलेल्या काळ्या वर्तुळांतून रबराचा जडसर, किंचित कडवट वास निघतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो जाणवतही नसावा. माझी पावलं मात्र तिथे हमखास रेंगाळतात. भाजीची पिशवी हातात तशीच राहते आणि साठ वर्षांपलीकडचं, अकोल्याच्या बाजारातलं एक अरुंद, काळोखं दुकान डोळ्यांसमोर उभं राहतं. त्या दुकानात एका लाकडी स्टुलावर माझी मोठी बहीण बसलेली असते, पाय लुगड्याखाली झाकून, पाठ ताठ ठेवून.

आम्ही माळी. अमरावतीबाहेरच्या एका खेड्यात, गावकुसाला लागून आमचा मळा होता. विहिरीच्या पाण्यावर शेवंती, गुलाब, मोगरा आणि थंडीत फुलकोबी व्हायची. ताई चार वर्षांची असताना तिला ताप आला आणि उतरताना तिच्या दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. पाय होते, त्यांना ऊन कळायचं, मुंगी चावलेली कळायची, पण ते तिला उभं करीत नसत. गावातल्या शाळेत बाबा तिला खांद्यावर बसवून नेत. चौथी झाल्यावर पुढची शाळा शहरात, अडीच कोसांवर, आणि पोरगी आता खांद्यावर मावत नव्हती. त्याच सुमारास, ज्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बाबा रोज फुलं पोचवीत, तो मायदेशी निघाला. जाताना त्याने आपली तीन चाकांची फटफटी बाबांना दिली. तिच्या एका अंगाला होडीसारखी एक बैठक जोडलेली होती आणि त्या बैठकीखाली तिचं स्वतःचं एक चाक होतं. फुलं लवकर पोचतील म्हणून घेतली, असं बाबा लोकांना सांगत. घरात आम्हा सगळ्यांना खरं कारण ठाऊक होतं.

रोज सकाळी ताई त्या बैठकीत बसायची. मांडीवर शेवंतीची टोपली, टोपलीखाली पाटी-पुस्तकं. पुढे मीही त्याच शाळेत जाऊ लागले; मी बाबांच्या मागे, त्यांच्या सदऱ्याला धरून. रस्त्यावरची माणसं थांबून ताईकडे बघायची ती त्या गाडीसाठी. तिच्या पायांचा विचार कुणाच्या मनातही येत नसे. मला वाटतं, तेवढ्या अडीच कोसांत ती चारचौघींसारखी असायची, किंबहुना थोडी वरचढच. वारा लागू लागला, की ती डोक्यावरचा पदर दातांत धरायची आणि डोळे बारीक करून हसायची. अभ्यासात ती फार पुढे होती. हिला मॅट्रिकला बसवाच, असं तिच्या बाईंनी बाबांना दोनदा बोलावून सांगितलं होतं.

मग लढाई आली. आमच्या वऱ्हाडात ती तोफांच्या आवाजाने आली नाही. ती एकेक वस्तू नाहीशी करीत आली. रॉकेल गेलं, साखर गेली, आणि मग रबर गेलं. इस्पितळाला भाजी पुरवायची म्हणून बाबांना पेट्रोलची चिठ्ठी मिळे, पण टायर कुठेच मिळेना. तिन्ही टायर झिजून गुळगुळीत झाले होते. फाटल्या जागी बाबा आतून जुन्या टायरचा तुकडा लावीत, वरून दोरी गुंडाळीत. आठवड्यातून तीनदा आम्ही रस्त्याच्या कडेला बसून असायचो. शेवटी कुणीतरी सांगितलं, की अकोल्यात एका मिस्तरीकडे या मापाचा जुना माल शिल्लक आहे. टायरवरचे इंग्रजी आकडे बाबांना वाचता येत नसत, म्हणून त्यांनी ताईला बरोबर घेतलं, आणि तिच्या सोबतीला मला. बडनेऱ्याला गाडी पकडली. ताईला ते पाठीवर घेऊन डब्यात चढले. ती सोळा वर्षांची होती, मी तेराची. खिडकीबाहेर काळ्या जमिनीत कपाशी फुटून पांढरी झाली होती आणि ताई मूर्तिजापुरापर्यंत नुसती बाहेर बघत होती. इतक्या लांब ती पहिल्यांदाच आली होती.

मिस्तरी म्हातारा आणि सावकाश माणूस होता. त्याने माळ्यावरून टायर खाली काढले, फडक्याने पुसले आणि एकेक करून ताईसमोर धरले. ताई कडेवरचे आकडे बोट फिरवून वाचायची, बाबा अंगठ्याने रबर दाबून बघायचे. पडून पडून रबर कडक झालं की त्याला केसासारख्या भेगा जातात; असे पाच-सहा बाजूला पडले. काही मोटारीचे निघाले, काही सायकलीहून थोडे जाड. अखेरीस दोन चांगले सापडले. मापाचे, न फाटलेले, बोटाने दाबलं तर परत वर येणारे. तिसरा काही मिळेना. शेवटचा एक होता. दिसायला तसाच, रबरही मऊ. बाबांनी आशेने तो ताईच्या हातात दिला. तिने आकडे वाचले, परत वाचले, आणि नाही अशी मान हलवली.

मिस्तरीने हात पुसले. ती बाजूची बैठक सोडवून टाका, तो म्हणाला; गाडी दोन चाकांवर चांगली पळते, पेट्रोलही कमी लागतं, फुलांच्या टोपल्या मागे बांधता येतील. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. ती बैठक कुणाची आहे हे त्याला माहीत नव्हतं.  बाबा हातातला टायर नुसता फिरवत राहिले.

"बाबा, दोनच घ्या," ताई म्हणाली. "बैठक सोडवून टाका."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तू म्हनतं तं तसं करू," ते म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरून एक ओझं उतरताना मी पाहिलं. ते अजून मला विसरता येत नाही, कारण त्या क्षणी मलाही हायसं वाटलं होतं. फटफटी चालू राहणार होती. माझी जागा मागे होती, ती मागेच राहणार होती.

बैठक सोडवल्यावर बाबांनी एकदा ताईला मागे बसवून पाहिलं. आईच्या जुन्या लुगड्याने तिला आपल्या पाठीशी बांधलं आणि वेशीपर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर तिला उतरवताना आईला दिसलं, की तिचा पाय खाली घसरून धुराच्या तापलेल्या नळीला टेकला होता आणि टाच पोळून सोलली होती. ती वाटेत एक शब्द बोलली नव्हती. पुन्हा कुणी तसा प्रयत्न केला नाही. आज मनात येतं, घरी बैलगाडी होती. सकाळी बैल मोटेला जुंपलेले असत हे खरं, पण तासाभरासाठी ते सोडता आले नसते असं नाही. ते कुणाला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल आणि कुणी बोललं नसेल. ताईने स्वतःच सांगितलं होतं ना, मग झालं.

ताई घरी राहिली. हार ओवू लागली. तिच्या हाताला फार सफाई होती आणि तिच्या हारांना लवकरच वेगळी मागणी येऊ लागली. पोरीचा हातभार लागतो म्हणून आईही समाधानाने बोलायची. संध्याकाळी मी आले, की ती विचारायची, आज काय शिकवलं. मी सांगायची. ती सुईदोरा थांबवून ऐकायची, मध्येच माझी चूक दुरुस्त करायची. पुढे पुढे मला कंटाळा येऊ लागला. एक दिवस खेळायला जायच्या घाईत मी म्हणाले, काहीच नाही शिकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही.

लढाई संपली, बाजारात टायर आले. बाबांनी तिसरा टायर आणला, आंब्याखाली पडून असलेल्या बैठकीतून कोंबड्या हुसकावल्या, ती धुतली, घासली, अर्धा दिवस खपून फटफटीला जोडली आणि ताईला हाक मारली. ती ओसरीवर फुलं निवडत होती. तिने गाडीकडे पाहिलं, छान दिसते म्हणाली, आणि मग शांतपणे विचारलं, "आता मले कुठी जायचं हाये, बाबा?"  त्या दिवसापासून त्या बैठकीतून फुलकोबी बाजारात जाऊ लागली.

मी शिकले, मास्तरीण झाले, योगायोगाने अकोल्यातच नोकरी केली. त्या बाजारातून जाणं मात्र टाळत राहिले. बाबा गेले, आई गेली. एकदा दिवाळीला माहेरी आले असताना, आम्ही दोघीच ओसरीवर होतो. केस दोघींचे पांढरे झालेले. मी इतक्या वर्षांचं धाडस गोळा करून तिला विचारलं, की त्या दिवशी टायरच्या दुकानात तू ते मनापासून म्हणाली होतीस का. तिने हातातली गाठ पुरी मारली, दोरा तोडला.

"मी म्हनलं अन् तुमी ऐकलं," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, कोनीतरी नाही म्हनन."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. राग असता तर मी तिचे पाय धरले असते, तक्रार असती तर काही उत्तर शोधलं असतं. दोन्ही नसल्यामुळे मी गप्प बसले, जशी तेव्हा बसले होते. ताईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. शाळेत माझ्या हाताखालून शेकडो मुली गेल्या आणि त्यांतली कुणी "मला नको, तिला द्या" असं पटकन म्हणाली, की मी थांबून तिला पुन्हा एकदा विचारायची. बऱ्याचजणी दुसऱ्या वेळी खरं सांगायच्या.