रिकामं जिन चालवत नाहीत

घरात शिरण्याआधी सूर्यभान दोन्ही बाह्या झटकायचा. कापसाची जिनिंग बंद पडून सहा वर्षं झाली होती. बाह्यांवर रूईचा एक तंतू नसायचा. तरी झटकायचा. दुसऱ्याच्या शेतात शिरला की चिमूटभर कापूस तोडून दोन्ही हातांनी ओढायचा, तो कुठे तुटतो ते बघायचा आणि मालकाने न विचारताच मत द्यायचा. चहा उभ्यानेच प्यायचा. आणि बोलायचा इतक्या मोठ्याने की बायकोला, नर्मदाबाईंना, सांगितलेलं गुपित अख्ख्या गल्लीला कळायचं. अठ्ठावीस वर्षं यंत्रांच्या आवाजात बोलण्याची सवय.

मानवतच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेल्या त्या जिनिंगमध्ये तो फिटर होता. ती गावातल्या बड्या आबासाहेबांनी विकत घेतली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता प्लॉट पडणार. पण आबासाहेब कुठेतरी एक जुनी गिरणी बघून आले होते. तिथे हॉटेल झालं होतं. लोक भिंतीच्या विटांजवळ उभे राहून फोटो काढत होते.

त्यांनी जुन्या कामगारांना बोलावलं आणि खुर्चीत बसूनच सांगितलं, "कापसाचे दिवस गेले. आता कापसाच्या आठवणीवर गाव चालंल. गोदामात लग्नाचा हॉल, इकडं हॉटेल. आन मधोमध एक जिन. चालतं जिन."

"चालतं म्हंजी खरंच चालतं?" सूर्यभानने विचारलं.

"तू चालू करून दाखव. उद्घाटनाला बरं चाललं तर हितल्या तिन्ही मशिनी ठेवू. पंचक्रोशीतल्या कापसाची थोडीथोडी सरकी काढू. पाच-सहा माणसं लागतील."

सूर्यभानला एवढं पुरलं.

तो तिथून थेट बजरंगकडे गेला. बजरंग पूर्वी जिनमध्ये कापूस टाकायचा. जिनिंग बंद झाल्यापासून दर वर्षी बायकोला घेऊन ऊसतोडीला जात होता.

"औंदा टोळीत जाऊ नको," सूर्यभान म्हणाला.

"कोण म्हणतंय? आबासाहेब?"

"मी म्हणायलोय."

बजरंग हसला. "मंग तर आणखीच अवघड हाय." पण त्याने मुकादमाला नाही म्हणून सांगितलं. दिवाळीच्या आधी टोळी गेली, बजरंग गावात राहिला.

दोन महिने सूर्यभान त्या एका जिनला भिडला. जिनचा जीव त्याच्या रोलरमध्ये असतो. चामड्याच्या चकत्या दांड्यावर घट्ट दाबून तो रोलर होतो. त्याच्यावर तिरप्या खाचा पाडतात. खाचा कापूस ओढतात, वरचा चाकू सरकी अडवतो, रूई पलीकडे पडते. चाकू रोलरला टेकूनच असतो. म्हणून जिन रिकामं चालवत नाहीत. मध्ये कापूस नसला की चाकू चामडं खातो, चामडं तापतं, आणि जिनिंगमध्ये तापलेल्या चामड्याला लोक सापापेक्षा जास्त भितात. तिथलं पहिल्या दिवसाचं शिक्षण हेच असायचं.

दिवाळीच्या पाडव्याला उद्घाटन होतं. जिनला सोनेरी रंग दिला होता. सूर्यभानने वालूरहून चांगला कोरडा कापूस आणून ठेवला होता. बजरंग धुतलेला सदरा घालून टोपल्यापाशी उभा होता.

आबासाहेब टोपलं बघून थांबले. "हे कशाला?"

"जिनमधी टाकायला."

"अरे, मेहमानांच्या कपड्यावर रूई उडंल. बायका पैठण्या नेसून आल्यात. नुसतं फिरव."

"नुसतं फिरवता येत न्हाई, साहेब."

"का? मोटार बसवलीय ना?"

"मोटार फिरंल. रोलर जळंल."

"दोन मिनिटं फिरव. फोटोपुरतं."

"दोन मिनिटं बी न्हाई."

आबासाहेबांनी हसून पाहुण्यांकडे पाहिलं. "म्हाताऱ्याचा जीव लय मशिनीत." मग त्यांनी स्वतःच बटन दाबलं.

जिन फिरलं. टाळ्या पडल्या. सूर्यभानने बटनाकडे हात नेला, कुणीतरी तो मागे ओढला. बजरंगने टोपलं उचललं, तेही कुणीतरी धरलं. आधी वास आला. मग धूर. मग बायका पदर सावरत दाराकडे धावल्या आणि हॉटेलच्या पोराने लाल नळकांडं उचलून सगळ्या यंत्रावर पांढरा फेस मारला.

"जुनं झालं होतं," आबासाहेब पाहुण्यांना सांगत होते. "आमीच उगं हौस केली."

सूर्यभानने दुसऱ्या दिवशी जळका रोलर सोडवून घरी आणला. वरचा कोळसा घासून काढला. खाली चामडं चांगलं होतं. "नव्या खाचा पाडतो आन एकदा कापूस घालून दावतो," तो नर्मदाबाईंना म्हणाला. "मंग बोला म्हणावं."

"कुणाला दावता?" त्या म्हणाल्या. "तुमचं ऐकायला बसलंय कोण?"

तो खाचा पाडत राहिला. चौथ्या दिवशी बातमी आली. तिन्ही जिन भंगारच्या टेम्पोत गेली होती. मधल्या जागेत कारंजं होणार होतं.

त्याच संध्याकाळी आबासाहेबांचा माणूस फेटा आणि पांढरं धोतर घेऊन आला. हॉटेलच्या फाटकावर उभं राहायचं, येणाऱ्यांना नमस्कार करायचा. सूर्यभान म्हणाला, "बजरंगला द्या. माझ्या सांगण्यानं बसलाय तो."

"त्याला तुमच्यासारख्या मिशा न्हाईत," माणूस म्हणाला. चेष्टा करत नव्हता.

सकाळी सूर्यभानने धोतर नेसलं.

बजरंगला आठवड्याने दुसरी टोळी मिळाली. ट्रक हॉटेलवरूनच गेला. भांड्याकुंड्यांवर बसलेल्या बजरंगने फाटकाकडे पाहिलं आणि ओरडला, "राम राम, राजेसाहेब! जिन बरं चाललंय का?" ट्रकमधले सगळे हसले. त्याची बायको तेवढी हसली नाही. सूर्यभानचे हात आत येणाऱ्या एका गाडीसाठी जोडलेले होते. ते त्याला खाली घेता आले नाहीत.

आता तो सकाळी नऊला जातो, अंधार पडल्यावर येतो. मोठ्याने बोलत नाही.

रोलर ओसरीत दोन विटांवर आडवा आहे. एकूण चोवीस खाचा पाडायच्या होत्या. अकरा पुऱ्या झाल्यात. बारावीवर खडूची तिरपी रेघ आहे, आणि तिच्या एका टोकाला बोटाच्या पेराएवढं चामडं कापलेलं आहे.