थोबाडीत मारायची पाळी

मागच्या महिन्यात जुन्या विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. "शाळेतली मारझोड सरांनीच बंद केली," असं भाषणात कुणीतरी म्हणालं आणि मी मान डोलावली. खरं काय झालं होतं ते आता लिहूनच ठेवतो.

स्वातंत्र्य यायला एक-दोन वर्षं होती. सोनईजवळच्या एका गावात मी चौथीला शिकवायचो. आमची पद्धत फार प्रगत होती. ज्याचं उत्तर बरोबर येई, त्यानं चुकलेल्यांचं नाक धरून थोबाडीत मारायची. मास्तरांचा हात दुखत नसे आणि मुलांना ज्ञानाची गोडी लागे.

वर्गात एक मुलगा होता. एका जागी बसत नसे, पाटी फेके, चिडला की चावे. उत्तर द्यायला त्याला वेळ लागे. तेवढा वेळ माझ्याकडे कुठला? पुढच्याला विचारून मी मोकळा होई. त्यामुळे ज्ञानाची गोडी त्यालाच सर्वांत जास्त लागायची, तीही बहुतेक पाटलाच्या मुलाच्या हातून. पाटलाच्या मुलाची बोटं नाकावरून लवकर सुटत नसत. एकदा हा त्याच्या मनगटाला चावला. हेडमास्तरांनी ठरवलं, याचं नाव शाळेतून काढायचं.

दुसऱ्या दिवशी मुलाची आई खुरपणी सोडून शाळेत आली.

"चावतोय, खरं हाय," ती म्हणाली. "पन आधी त्याचं नाक कोन पिळतं, ते कुनी बघितलंय का?"

"बाई, ही शाळा आहे. इथं नियम आहेत," हेडमास्तर म्हणाले.

"मग नेमानंच करा की. त्याला येतंय, पन तुमी थांबत न्हाई. एकडाव इचारा आन् गप बसा. न्हाई आलं तर मीच घेऊन जाते."

हेडमास्तरांना सौदा स्वस्त वाटला. वर्गात येऊन ते मला म्हणाले, "आधी पाटलाच्या मुलाला विचारा. बाईंना फरक कळू दे."

मी विचारलं, एकोणतीस सक?

"एकशे चौसष्ट!" पाटलाच्या मुलानं ठोकून दिलं.

मग याला विचारलं. तो भिंतीला पाठ घासत राहिला. पोरं खिदळली. मी पहिल्यांदाच थांबलो, कारण आई दारात उभी होती.

"एकशे चौऱ्याहत्तर," तो म्हणाला.

आणि नियमाप्रमाणे उठून पाटलाच्या मुलाच्या नाकाकडे त्यानं हात नेला.

"थांब!" हेडमास्तर ओरडले. "आजपासून ही पद्धत बंद. रानटीपणा आहे हा!"

इतकी झटपट सुधारणा अख्ख्या जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. वर्षभर मार खाल्लेल्या मुलाला मात्र ती कळेना. तो हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. मग किंचाळला, खाली पडून लाथा झाडू लागला, आवरायला गेलेल्या हेडमास्तरांना चावला.

"बघितलंत?" हेडमास्तरांना हायसं वाटलं.

आई माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी तरी सांगा. बरोबर आलं का न्हाई त्याचं?"

एक 'हो' म्हणायचं होतं. माझी नोकरी नवी होती आणि पाटील शाळा कमिटीवर होते. मी म्हणालो, "बाई, प्रश्न उत्तराचा नाही, वर्तनाचा आहे." वाक्य चांगलं जमलं होतं. हेडमास्तरांनी मान हलवली.

तिनं त्याला उठवलं, पदरानं तोंड पुसलं. "बरोबर आलं हुतं रे," ती सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं त्याला म्हणाली आणि त्याला घेऊन गेली.

मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव काढून झालं होतं. त्याचं घर शाळेच्या मागच्याच आळीत होतं. मी कधी गेलो नाही.